भांड्यावरचं नाव घासणाऱ्यांनो

जुनं घंगाळ मोडीच्या दुकानात आलं की दुकानदार आधी ते काट्यावर टाकतो आणि मग त्याचा काठ बघतो. काठावर नाव कोरलेलं असेल तर घंगाळ मागं बफिंगच्या मशिनवर जातं. पाच-दहा मिनिटांत नाव जातं, गाव जातं, साल जातं आणि घंगाळ लखलखीत होऊन पुढच्या फळीवर येतं. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात हे काम मी वर्षानुवर्षं बघत आलोय. नाव घासणारा, घासून घेणारा आणि तसलं मुकं केलेलं भांडं चढ्या भावानं नेऊन दिवाणखान्यात मांडणारा, या तिघांनाही मी गुन्हेगार म्हणतो. कायदा म्हणत नाही. कायद्याकडं पुढं वळतोच.

मी हे बाहेर उभं राहून बोलत नाही. जुन्या वस्तू घेणं-विकणं हा माझाच धंदा आहे. वर वाई-मेणवलीपासून खाली मिरजेपर्यंतचा कृष्णाकाठ आणि पूर्वेकडची माण, खटाव, आटपाडी, जतची कोरडी गावं, इथनं माझा माल येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी पथारी टाकलेली आहे. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या दुकानांना माल दिलेला आहे. तेव्हा धंद्यातलं तुम्हाला काय कळतंय, हे मला कुणी ऐकवू नये.

आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत होती. लग्नात, मुंजीत, बारशाला, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, तिथी नाहीतर तारीख. भांड्याच्या दुकानापाशी नाव घालणारा बसायचा. बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन तो एकेक अक्षर ठोकायचा. पुढं विजेवरची सुई आली, तिची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. नुसत्या अक्षरांच्या वळणावरून भांडं कोणत्या काळातलं ते जाणत्याला कळतं.

हे लिहिताना माझ्यासमोर एक तांब्याचा हंडा आहे, तासगावच्या बाजूनं आलेला. गळ्याखाली छिन्नीची अक्षरं आहेत. आधी 'श्री', मग एका बाईचं नाव, 'हिजकडून', मग लेकीचं नाव, गाव, 'जि. सातारा' आणि शके १८५१. म्हणजे इसवी सन १९२९च्या आसपासचा. त्याच्या खाली, हंडा जरा फिरवला की, ठिपक्यांची दुसरी ओळ लागते. तिच्यात पहिल्या ओळीतल्या लेकीचं नाव आता देणारीच्या जागी आलंय आणि घेणारी तिची नात आहे. साल १९६८. आजीनं आपल्या आईकडून आलेला हंडा नातीच्या लग्नात दिला. तेव्हा त्याच्या बुडाला ठिगळ मारून घेतलं, तेही दिसतं. एका हंड्यावर एका घरातल्या तीन बायका आहेत. त्यांच्या नावानं जमीन नव्हती. सातबाऱ्यावर नवरा, मग मुलगा. घराच्या उताऱ्यावरही तेच. शाळेच्या दाखल्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांची नावं कोरून ठेवलेली जागा म्हणजे हा हंडा. तोच मशिनवर धरायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुकानाबाहेर काढतो.

आता 'जि. सातारा' या अक्षरांकडं बघा. तासगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पण तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे तासगावकडच्या भांड्यावर 'जि. सातारा' असेल तर ते १९४९च्या आधीचं धरावं. 'द. सातारा' असेल तर मधल्या अकरा वर्षांतलं. 'मिरज संस्थान' किंवा 'सांगली संस्थान' असेल तर १९४८च्या विलीनीकरणाआधीचं. साल कोरलेलं नसलं तरी जिल्ह्याच्या नावावरून भांड्याचं वय निघतं. प्रयोगशाळा लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, वाचता आलं की पुरे. आणि नेमकं तेच आपण एमरीच्या पट्ट्यावर धरतो.

का धरतो? एका व्यापाऱ्याला मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "काका, नाव असलं की गिऱ्हाईक मागं सरतंय. नाव म्हंजी दुसऱ्याच्या घरातलं. घासलं की कुणाचंबी."

कुणाचंबी! या धंद्याचं सगळं पाप या एका शब्दात आहे. कुणाचंही झालेलं भांडं मग हवं त्याचं करता येतं. १९६८च्या लग्नातलं भांडं नाव गेल्यावर पेशवेकालीन होतं. कराडच्या पेठेत तीसेक वर्षांपूर्वी घेतलेली समई एखाद्या सरदाराच्या वाड्यातली होते. मुरादाबादहून आलेल्या नव्या ओतीव मूर्तीला नवसागराचं पाणी मारतात, ओल्या मातीत पुरतात, वर येताना ती हिरवी होऊन येते आणि शेतात सापडली म्हणून विकली जाते. तलवारीच्या पात्याला ॲसिड मारून गंज आणतात आणि ती मावळ्याची म्हणून खपवतात. घासलेलं नाव ही या सगळ्या खोटेपणाची पहिली पायरी आहे. खरी हकीकत पुसल्याशिवाय खोटी चिकटवता येत नाही.

सगळ्यात चीड येते ती शिवाजी महाराजांच्या नावावर चाललेल्या लुटीची. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. खरे होन अतिशय दुर्मिळ आहेत, संग्रहालयांत जपलेले. आणि बाजारात मात्र कुठल्याही जत्रेत होन दाखवणारा माणूस भेटतो. शिवराईची गोष्ट वेगळी. ती पुढं पेशवाईतही ठिकठिकाणच्या टाकसाळींत पडत राहिली, त्यामुळं आपल्या भागात ती अजून मुठीमुठीनं निघते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण अक्षरांची वळणं वेगळी, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, ठिपके वेगळे. एका मडक्यात कोणकोणत्या वळणाच्या शिवराया एकत्र निघाल्या, कोणत्या गावच्या शिवारात निघाल्या, यावरून नाण्यांचा अभ्यास करणारा माणूस टाकसाळीचा आणि काळाचा माग काढतो. आमचा व्यापारी काय करतो? माणचं मडकं, पाटणचं मडकं आणि भोरकडून आलेली पिशवी एकाच घमेल्यात ओततो आणि नगावर विकतो. त्या घमेल्यात हात घालून नाणी चाळणाऱ्या पोरांना वाटतं आपण इतिहासाला हात लावतोय. इतिहास घमेल्यात ओतताना संपलेला असतो.

रामदरबार कोरलेलं आणि १८१८ साल घातलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं तर घराघरांत देव्हाऱ्यात आहे. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. तरी त्यात दैवी शक्ती आहे, तांदूळ ओढून घेतं, परदेशातली कंपनी त्याला कोटी देते, अशा थापा मारून शेतकऱ्यांच्या जमिनी गहाण पडल्यात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१मध्ये द्यावा लागला. वस्तू कुठली, कुणाकडची, कशी आली हे विचारायची सवयच मोडली असल्यावर माणूस अशा थापेला बळी पडतो. विचारायची सवय मोडली ती आम्हा विकणाऱ्यांनी.

व्यापाऱ्याची बाजू मला माहीत आहे आणि ती पोकळ नाही. तो म्हणतो, आम्ही नसतो तर हे सगळं भट्टीत गेलं असतं. खरं आहे. पितळेला मोडीचा भाव आहे, तांब्याला त्याहून जास्त. घरातला मुलगा माळ्यावरचा बंब, हंडे, परात, तपेली पोत्यात घालून आणतो, किलोवर देतो आणि स्टीलचं नाहीतर प्लास्टिकचं काहीतरी घेऊन जातो. त्यातलं नक्षीदार, जुनं, वेगळं ओळखून व्यापारी किलोमागं चार पैसे जास्त देतो आणि भट्टीतून ते काढून घेतो. त्याच्यामुळं कित्येक लामणदिवे, अडकित्ते, पानपुडे, ठाणवया आज जगात आहेत. हे श्रेय मी त्याला देतो.

भट्टीची ताकद काय असते हे तर आपल्याच भागानं देशाला दाखवलंय. खानापूर, विटा, आटपाडी, खटाव, माण इथली माणसं दुष्काळानं गाव सोडून निघाली आणि सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. केरळात जा, तमिळनाडूत जा, उत्तर प्रदेशात जा, पेठेच्या गल्लीत मुशीपुढं बसलेला गलाईवाला आपला असतो. जुना दागिना हातात घेऊन तो कस सांगतो. त्याच्या कष्टाबद्दल आणि कसबाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याचा धंदा वितळवण्याचा आहे आणि तो ते उघडपणे करतो. भट्टीत गेलेली वस्तू गेली, तिच्याबद्दल कुणी पुढं खोटं बोलत नाही. माझा राग आहे तो भट्टीपासून वस्तू वाचवली म्हणून छाती पुढं काढणाऱ्यावर. त्यानं धातू वाचवला. ज्यामुळं ती वस्तू धातूपेक्षा जास्त होती ते त्यानं आपल्या हातानं मारलं, आणि त्याच्या जागी बनावट गोष्ट चिकटवून तिचे पैसे घेतले. भट्टीवाला याच्यापेक्षा शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

देवाच्या टाकांचं तर बोलायलाच नको. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा. घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक करतात, वीराचा करतात. पिढ्यान् पिढ्या अंगठ्यानं गंध-भंडारा लावून चेहरे झिजून गुळगुळीत होतात. झिजलेले टाक विसर्जन करायचे किंवा सोनाराकडं देऊन त्याच चांदीचे नवे करायचे, ही रीत. आता ते मखमलीवर चिकटवून चौकटीत बसवतात आणि भिंतीवर लावायला विकतात. पाली कोणाचं कुलदैवत, म्हसवड कोणाचं, खरसुंडी कोणाचं, कुठल्या गावच्या कुठल्या आडनावाच्या देव्हाऱ्यातला हा टाक, काही नाही. खाली 'ट्रायबल आर्ट' असं लिहिलेलं मी वाचलंय. धनगराच्या, मराठ्याच्या, माळ्याच्या घरातला चालता-बोलता कुळाचार तुम्ही 'ट्रायबल' करून विकता? ज्याचा वीर त्या पत्र्यावर ठोकलाय त्याच्या वंशजाला हे वाचायला लावा एकदा.

यावर माझे मित्र म्हणतात, नाव लोकांनाच नको असतं. हे मात्र अर्धंच खरं आहे आणि इथं मला जरा थांबायचंय, कारण या ठिकाणी दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाही, तो गुंतागुंतीचा आहे.

कित्येकदा घरातली माणसंच सांगतात, नाव घासून विका, गावात कळायला नको. सासूची भांडी सुनेनं विकली, बापाचा पानपुडा मुलानं विकला, ही आपल्याकडं लाज आहे. ७२च्या दुष्काळात माण-आटपाडीकडच्या किती घरांतनं भांडी बाहेर पडली हे त्या पिढीच्या माणसांना विचारा. ती रात्री बाहेर पडली. सोनाराकडं, सावकाराकडं, दूरच्या गावी जिथं कुणी ओळखणार नाही तिथं. पोटासाठी भांडं विकलेल्या त्या माणसांची लाज मी समजतो आणि तिच्यापुढं मी हात जोडतो. पण आजच्या विकणाऱ्यांतले बरेचजण पोटासाठी विकत नाहीत. फ्लॅट लहान आहे, माळा रिकामा करायचाय, बायको म्हणते कोण घासणार. म्हणजे गरज नाही, अडचण आहे. तिथं कसली लाज? बरं, लाज असेलच, तर नाव जगाला सांगू नका. विकणाऱ्याच्या वहीत राहू द्या. भांड्यावर राहू द्या. भांडं शंभर मैलांवर गेलं तर तिथं तुमच्या आजीला कोण ओळखतंय? पण पन्नास वर्षांनी तुमचाच नातू शोधायला निघाला तर त्याला सापडेल, एवढी जागा ठेवा.

ज्यांच्यावर आभाळच कोसळलं त्यांना मी काही बोलत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडेला घरांतला संसार ढिगानं पडला होता. भिजलेल्या ट्रंका, फुगलेली फडताळं, चिखलानं चिकटलेल्या वह्या, फोटोंचे अल्बम, कपाटाएवढे रद्दीचे गठ्ठे. त्यात किर्लोस्करवाडीहून निघालेल्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकांचे बांधलेले अंक होते, मोडीतले कागद होते. लोकांना घरात पाय ठेवायला जागा करायची होती. भंगाराच्या गाड्या आल्या आणि घेऊन गेल्या. त्या दिवसांत कुणी काही टाकलं तर त्याला दोष देणारा मी कोण? पण ज्यांच्याकडं मनुष्यबळ होतं, इमारती होत्या, पैसा होता, त्यांनी सुकवण्यासाठी एक मोकळी शेड उघडून 'कागद असतील तर इकडं आणून टाका' असं आमच्या गल्लीत येऊन सांगितलं नाही. त्यांना मी दोष देतो.

आता वाघनखांकडं येऊ. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, ती आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात. लोकांनी रांगा लावल्या, लावायलाच हव्यात. प्रतापगड याच जिल्ह्यात आहे. त्याआधी आणि त्यानंतर महाराष्ट्रभर वाद झाला तो एकाच गोष्टीवर, ही महाराजांचीच कशावरून? ती साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडून विलायतेत गेली आणि सोबतच्या पेटीवर तसा मजकूर आहे, एवढा धागा. ती अफझलखानाच्या वेळचीच आहेत असं खात्रीनं सांगता येत नाही, असं खुद्द लंडनच्या म्युझियमनं म्हटलंय. सगळा महाराष्ट्र त्या पेटीवरच्या चार ओळींवर तावातावानं बोलत होता. बरोबरच होतं ते. वस्तूसोबत आलेल्या चार ओळींची किंमत केवढी असते, हे त्या वेळी शेंबड्या पोरालाही कळलं. मग त्याच आठवड्यात त्याच साताऱ्यात मशिनवर भांड्यांवरच्या ओळी जात होत्या, त्या कुणाला कशा दिसल्या नाहीत?

आणि ही ओळ जपण्याची अक्कल आपल्या पूर्वजांना होती. वाईपासून जवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागं घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. शत्रूची, परधर्माची वस्तू जिंकून आणली, देवाच्या दारात टांगली आणि तिच्यावरची मेरी घासली नाही, साल घासलं नाही. घासायला मशिन नव्हतं म्हणून नव्हे, कानस आणि छिन्नी त्यांच्याकडंही होती. ती अक्षरं तशीच राहिली म्हणून आज आपण छातीठोकपणे सांगू शकतो की ही पोर्तुगिजांची. शत्रूचं नाव त्यांनी राखलं आणि आपण स्वतःच्या आजीचं नाव राखत नाही.

कायदा काय करतो? पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तू कायदा १९७२चा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करायचा नाही. परवानाधारकानं नोंदवही ठेवायची, फोटो ठेवायचे. वाड्यातून काढलेला शंभर वर्षांचा कोरीव खांबसुद्धा इमारतीपासून सुटी केलेली वस्तू म्हणून या कायद्यात बसतो. कागदावर ठीक आहे. पण बाजारात परवाना लावलेला एकही ठेला माझ्या पाहण्यात नाही. व्यापारी तोंडानं दोनशे वर्षांची म्हणून सांगतो आणि पावती मागितली तर 'पितळी शोपीस' लिहून देतो. म्हणजे गिऱ्हाइकाला जुनी आणि सरकारला नवी. आणि माझ्यासमोरचा तो १९२९चा हंडा अजून शंभरीत आलेला नाही, त्यामुळं कायद्याला तो दिसतच नाही.

त्याहून जुना कायदा आहे १८७८चा, गुप्तधनाचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. ते सरकारला घ्यायचं असेल तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. नीट वाचा. नांगराच्या फाळाला लागलेल्या मडक्याची किंमत सरकारही धातूच्या भावानंच करतं, वर थोडं टाकून. मोडीवाला तरी याहून वेगळं काय करतो? मग शेतकरी कलेक्टर कचेरीची पायरी चढत नाही. रात्रीत मडकं फुटतं, चांदी मुशीत जाते, तांबं घमेल्यात. शिवाय कुणीतरी सांगितलेलं असतं की सरकार सगळंच जप्त करतं. या भीतीनं माळ्यावरचे मोडीतले रुमाल बंबात घातलेली घरं मला माहीत आहेत.

सातारा जिल्ह्यातल्याच कागदांनी एकदा महाराष्ट्राच्या इतिहासाची दिशा बदलली होती. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईला मिळालेल्या पत्रांवर. पानिपतच्या आधीची दहा वर्षं त्या पत्रांतून उभी राहिली. ती पत्रं कुठं, कुणाच्या घरी, कशा अवस्थेत मिळाली, हे राजवाडे लिहून ठेवत. गावोगाव फिरून, उपाशी राहून, शिव्या खाऊन लिहून ठेवत. साताऱ्यातच दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ऐतिहासिक चित्रं आणि कागदांचा केवढा संग्रह उभा केला. त्यांच्यामागं तो साताऱ्यात राहिला नाही, १९३९मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो नीट राहिला हे बरं झालं, पण साताऱ्याला तो ठेवता आला नाही हे लिहिल्यावाचून राहवत नाही. औंधच्या एवढ्याशा संस्थानाच्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली टेकडीवर संग्रहालय बांधलं, त्यात रविवर्म्यांची चित्रं ठेवली, हेन्री मूरचं शिल्प ठेवलं. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, पेट्या अशा घरगुती वस्तू दारोदार फिरून जमवल्या आणि गेलेल्या मुलाच्या नावानं सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. ही माणसं आपल्यासारख्याच बाजारांत आणि वाड्यांत फिरत होती. फरक हा की त्यांच्या हातात वही होती.

वहीच पाहिजे, दुसरं काही मागत नाही मी. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घ्या. कराडजवळच्या माळावर काचेचा कारखाना काढून स्वदेशी कंदील घराघरांत पोचवणाऱ्या ओगल्यांचं नाव त्या कंदिलाच्या पत्र्यावर आहे. आज त्याला काळा रंग फासून, नाव रंगाखाली दाबून तो रेल्वेचा ब्रिटिशकालीन कंदील म्हणून हॉटेलवाल्यांना देतात. गोऱ्यांच्या मालाला टक्कर द्यायला काढलेला कंदील गोऱ्यांच्याच नावावर खपवायचा! प्रतिसरकारच्या दिवसांत याच पट्ट्यातल्या ज्या घरांनी भूमिगतांना आसरा दिला, त्या घरांतले कंदील, ट्रंका, सतरंज्या आज नातवंडं विकताहेत. कुठला कंदील कुठल्या घरातला, हे विकताना एका ओळीत लिहून घेतलं तर तो कंदील कुंडलच्या नाहीतर वाळव्याच्या शाळेत ठेवता येईल. नाही लिहून घेतलं तर तो बारच्या छताला टांगला जाईल, आणि जातोय.

मिरजेचंच बघा. शिकलगारांनी हत्यारांना धार लावणं सोडून तंबोरे-सतारी करायला घेतल्या, त्याला पिढ्या उलटल्या. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, गायले. २०२४मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर जुना तंबोरा दुरुस्तीला आला की भोपळा, दांडी, तबली बघून कुठल्या घरातल्या हातचा आहे ते सांगतो. तोच तंबोरा दिल्ली-मुंबईच्या डेकोरेटरकडं गेला तर त्याच्या भोपळ्याला भोक पाडून आत दिवा बसवतात. माहिती असलेला माणूस शंभर पावलांवर बसलेला असताना त्याला न विचारता तंबोरा ट्रकमध्ये टाकणारा व्यापारी मिरजेचाच असतो, याचा संताप येतो.

माझ्या दुकानातली प्रत्येक वस्तू चिठ्ठीसकट जाते. कुठल्या तालुक्यातून आली, कधी घेतली, घरच्यांनी काय सांगितलं, त्यातलं काय खात्रीचं आणि काय ऐकीव. घरच्यांना नाव नको असेल तर चिठ्ठीवर नाव नाही, माझ्या वहीत आहे. यानं माझा भाव पडतो. बाजूच्या दुकानात तीच समई पेशवेकालीन म्हणून दुपटीनं जाते आणि माझी १९५०च्या आसपासची, कराड तालुका, म्हणून पडून राहते. पडून राहू दे. सगळ्यांनी चिठ्ठी दिली तर कुणाचाच भाव पडणार नाही, हे मी व्यापाऱ्यांना सांगून थकलो. ऐकणारे थोडे आहेत, पण आहेत. साताऱ्याच्या संग्रहालयाकडं आणि औंधच्या संग्रहालयाकडं माझी मागणी आहे की महिन्यातून एक दिवस एक टेबल टाका. लोकांनी घरातली वस्तू आणावी, तुम्ही फोटो काढावा, नोंद करावी, मोडी असेल तर वाचून द्यावं आणि वस्तू त्यांच्या त्यांना परत द्यावी. वस्तू जप्त होत नाही हे एकदा डोळ्यांनी दिसलं की माळे उघडतील. याला नवीन इमारत लागत नाही की नवा कायदा लागत नाही.

दसरा-दिवाळीच्या आधी घरं निघतात, माळे रिकामे होतात आणि मोडीच्या दुकानांत सगळ्यात जास्त माल येतो तो तेव्हाच. यंदा पोतं भरायच्या आधी प्रत्येक भांडं उजेडात फिरवून बघा. अक्षरं दिसली तर फोनमध्ये फोटो काढा, वाचता येत नसतील तर कोरडं पीठ चोळा, अक्षरं उठून दिसतात. घरात आई, आत्या, आजी कुणी असेल तर विचारा हे कुणी दिलं, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मग ठेवायचं तर ठेवा, विकायचं तर विका. विकताना सांगा, नाव राहिलं पाहिजे. दुकानदार भांडं घेऊन मशिनकडं वळला, तर ते त्याच्या हातातनं काढून घ्या आणि दुसऱ्या दुकानात जा.